हातमोजा वर असेपर्यंत

स्टॅपलकोट, ३ मार्च १८४७
(टपालात टाकलेलं)

प्रिय जेथ्रो,

तुझं पत्र मिळालं. खाली सही भलत्याच माणसाची होती, पण अक्षर तुझंच. बापाचा एवढा मार खाऊनही ते कधी सरळ झालं नाही, आणि अजूनही झालेलं नाही.

तू जिवंत आहेस हे कळून बरं वाटलं. गुरं हाकणाऱ्यांबरोबर हिंडतोस, आज या बाजाराला, उद्या त्या, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. तू सांगितलंस तसं उत्तर ब्रिस्टलच्या त्या खानावळीकडेच टाकते आहे. तू येशील तेव्हा ते तुला देतील ना? की मालकीणबाई आधी वाचते?

आठ वर्षं झाली. माझा नवरा गेला, ॲम्ब्रोजला आता कोणी परत आणत नाही. मी कोणावर राग धरून बसलेली नाही. दिवसभर शिवणकाम असतं, रागवायला सवड कुठली!

गाव आहे तसंच आहे. हातमोज्यांच्या कातड्याला मऊपणासाठी अंड्यांचा बलक लागतो आणि उरलेलं पांढरं आपल्या वाट्याला येतं, त्यामुळे प्रू हॅकर अजून तिचे ते फसफशीत पांढरे केक घेऊन बाजारात बसते. अजून सगळ्यांना सांगते, "जेथ्रोने एका बैठकीत एकोणीस खाल्ले होते हो!" म्हातारीला तुझी फार आठवण येते.

कात्रीबद्दल तू जे लिहिलं आहेस, ते पुन्हा लिहू नकोस. पत्रं दुसऱ्यांच्या हाती लागतात.

तुझी बहीण,
टॅमझिन

३ मार्च, त्याच दिवशी
(न टाकलेलं)

जेथ्रो,

ते पत्र टपालात पडलं. आता खरं लिहिते. हे तुला पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय माझ्या पोटातली आग विझायची नाही.

तू लिहितोस, "टॅमी, मला माफ केलंस ना?" काय सहज लिहितोस! एखादा पेला फोडला असल्यासारखं.

ब्रॅडिकने फ्रान्सहून हातमोजे पेट्या भरभरून आणले आणि आपल्या गावात कापलेले म्हणून विकायला लागला. हातमोज्यांचं कातडं कापणारे अकरा जण घरी बसले. त्यांत तू होतास, ॲम्ब्रोजही होता. ॲम्ब्रोज गप्प बसला, परड्यात वाटाणे लावायला लागला. तू मात्र कोठारात शिरलास, ते फ्रेंच हातमोजे कापून त्यांच्या चिंध्या केल्यास, पेट्यांना आग लावलीस आणि पळालास. राखेत कात्री सापडली. तिच्या मुठीवर ॲम्ब्रोजच्या नावाची अक्षरं होती.

पुढचं तुला ऐकून माहीत असेल, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्यातला कापणारा आपली कात्री सख्ख्या भावालाही देत नाही. वर्षानुवर्षं एकाच अंगठ्याला सरावलेली कात्री दुसऱ्याने धरली की तिची चाल बिघडते. कोर्टात गावच्या सात कापणाऱ्यांनी शपथेवर हेच सांगितलं. खोटं एकही बोलला नाही. बाहेरगावच्या माणसाला वाटलं असतं की कात्री काय, कोणीही मागून नेईल. पण ज्युरीतले निम्मे हातमोज्यांच्या धंद्यातलेच. त्यांनी ठरवलं, कात्री तिथे होती म्हणजे माणूसही तिथे होता.

ॲम्ब्रोजला चौदा वर्षं काळं पाणी. जहाज सुटायच्या आधीच तो बंदरातल्या बंदी-जहाजावर तापाने गेला. कापणाऱ्यांच्या मंडळाच्या फळ्यावरून त्याचं नाव खरवडून काढलं. अजून त्या जागी लाकूड फिकट दिसतं. मी मंडळाच्या दारावरून जाते तेव्हा पलीकडच्या बाजूने जाते.

तुझ्यावरही वॉरंट आहे, ॲम्ब्रोजचा साथीदार म्हणून. म्हणे साथीदार! तू दूर होतास, सुरक्षित होतास. न्यायाधीशाला दोन ओळी लिहिल्या असत्यास, "आग मी लावली, तो घरी होता," तर तो सुटला असता. मी रोज टपालाची वाट पाहिली.

मला तू हवा आहेस, जेथ्रो. ब्रिस्टलला नको, इथे, बाजारपेठेत. तुला कुठेतरी भलत्या नावाने पकडलं तर ॲम्ब्रोजचं नाव काही धुतलं जाणार नाही. ज्यांनी त्याला चोर-दरोडेखोरांत बसवलं त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून ऐकायचं आहे मला. मग तुला कुठे न्यायचं तिथे नेऊ देत.

११ एप्रिल
(न टाकलेलं)

आज देव माझ्या दारात येऊन बसला. म्हणजे पाद्री केलवेसाहेब आले होते.

ते गावाचा इतिहास आणि इथले उद्योगधंदे यांवर पुस्तक लिहिताहेत. आधी लोकर, मग घंटा ओतणारे, मग आम्ही. लोकरीवर चाळीस पानं झाली, घंटांवर तीस. हातमोजे शिवणाऱ्या बायकांवर किती, असं विचारलं तर म्हणाले, "तेच लिहायला आलोय." वही काढून माझ्यासमोर बसले आणि मी मोजा ज्यात धरून शिवते त्या लाकडी चिमट्याकडे बोट केलं.

"याला तुम्ही काय म्हणता, मिसेस यार्डली?"

"गाढव."

"गाढव? ते का बरं?"

"दिवसभर तोंड उघडून बसतं, दिलेलं धरून ठेवतं आणि मत देत नाही. नवऱ्यांमध्ये असं मिळणं कठीण, साहेब."

बिचाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. मग उत्साहात येऊन म्हणाले की चर्चच्या पेटीत जत्रेची जुनी सनद सापडली आहे, सहाशे वर्षांपूर्वीची. "तुम्हीच दरवर्षी जत्रेचा मोठा हातमोजा शिवता ना? मग तुम्हाला गंमत वाटेल. लोक समजतात, मोजा काठीवर चढला की तीन दिवस गावात कोणालाच अटक होत नाही."

"समजतात काय, होतच नाही. डॅन क्रॉकर हवालदार असून त्या तीन दिवसांत चोरांबरोबर बिअर पितो."

"ती रूढी झाली. सनदेत तसं नाही." आणि त्यांनी लॅटिनमधून मला सावकाश सांगितलं. बाहेरगावाहून जे कोणी माल विकायला किंवा विकत घ्यायला येतील, त्यांच्या अंगाला मोजा वर असेपर्यंत कोणी हात लावू नये. पण जो या गावात जन्मला, ज्याचं नाव इथल्या चर्चच्या वहीत आहे, त्याला हे संरक्षण नाही. तो जत्रेतही इतर दिवसांसारखाच गावच्या कायद्याखाली.

माझी सुई बोटात गेली. पाद्रीसाहेबांनी आपला रुमाल पुढे केला.

म्हणजे सहाशे वर्षं आपण सगळे चुकलो! आपला फरार काका दर जत्रेला डोंगरातून उतरून घरी यायचा, आईचं जेवण जेवायचा आणि चौथ्या दिवशी पसार व्हायचा. त्याला कधीही धरता आलं असतं. कोणी वाचलंच नव्हतं!

मी म्हटलं, "साहेब, जत्रा होईस्तोवर हे कोणाला सांगू नका. लोकांचा हिरमोड होईल."

"तुमचं मन फार मोठं आहे," ते म्हणाले.

मी मान खाली घालून टाके मोजत बसले.

१८ एप्रिल
(टपालात टाकलेलं)

प्रिय जेथ्रो,

तू लिहितोस की थकलो, आणि एकदा गाव बघावंसं वाटतं. मग जत्रेला ये की! वीस जुलैला मोजा चढेल तो बावीसला दुपारी उतरेल. तेवढ्यात तुला कोण हात लावतो? मीच शिवते आहे मोजा, चांगला जाड कातड्याचा, कोंडा ठासून भरलेला, वाऱ्याने पडायचा नाही.

आईबापांच्या थडग्यावर या वर्षी गवत फार वाढलं आहे. मी एकटीने किती काढू?

काकाची खोली तशीच आहे. येशील तर मी बिछान्यात नवा पेंढा भरून ठेवते.

टॅमी

९ जून
(टपालात टाकलेलं)

प्रिय जेथ्रो,

तू फारच भित्रा झालास. क्रॉकर मोजा वर असताना पकडेल का, असं विचारतोस! तू आपल्याच गावचा आहेस ना? गेल्या वर्षी कोंबड्या चोरणारा बिल त्याच्याच शेजारी बसून गात होता, तेही अगदी बेसूर. क्रॉकर म्हणाला, "बिल, हे गाणं ऐकून तुला धरावंसं वाटतंय, पण मोजा वर आहे रे बाबा." सगळा बाजार हसला.

ब्रॅडिक आता म्हातारा झाला आहे, घराबाहेर पडत नाही.

आणि कात्रीचा विषय तू पुन्हा काढलास. किती वेळा सांगायचं? भेटल्यावर बोलू. येताना गुरांचा वास अंगावर घेऊन येऊ नकोस, प्रू तुला मिठी मारणार आहे.

टॅमी

१५ जुलै
(न टाकलेलं)

मोजा शिवून झाला. पाच बोटं, प्रत्येक बोट माझ्या दंडाएवढं. प्रू कोंडा भरायला आली होती. अंगठ्यात कोंडा कोंबता कोंबता म्हणाली, "टॅमझिन, आज तुझे टाके फार घट्ट पडलेत. कोणाचा गळा शिवतेस का गं?"

"तुझाच. बडबड थांबेल."

ती हसली. मग म्हणाली, "कोणी येणार आहे वाटतं. घर झाडलंस, पडदे धुतलेस. तुझा जेथ्रो?" मी दोरा तोडला. तिचे डोळे भरले. "येऊ दे गं. बहिणीने नाही बोलवायचं तर कोणी?"

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. तुझं कालचं पत्र उघडून पुन्हा वाचलं. वीस तारखेला येतो म्हणतोस. एक गाय माजावर आली म्हणून उशीर होईल की काय, अशी धास्ती वाटली होती म्हणतोस. आणि शेवटी, "तुझ्यासमोर उभा राहून माफी मागेन."

माफी मागायची तर ॲम्ब्रोजची मागायची होती, तो जिवंत असताना. मला तुझी दया येईल की काय याची मी वाट पाहिली. नाही आली. लहानपणी तू ओढ्यात बुडत होतास तेव्हा मी तुला केसांना धरून बाहेर काढलं होतं. आज मला तेव्हाचाही राग आला, हे लिहिताना लाज वाटत नाही.

२५ जुलै
(जिल्ह्याच्या तुरुंगात, जेथ्रो पिनकोम्ब यास. सोबत न टाकलेली पत्रं जोडली आहेत.)

जेथ्रो,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळी पत्रं पाठवते आहे. जेलरने आधी वाचली तरी हरकत नाही.

झालं ते तू पाहिलंस, पण माझ्या जागेवरून पाहिलं नाहीस. तू एक दिवस उशिरा, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात आलास. मी पहिल्या फेरीत तुला ओळखलंच नाही. केस पांढरे, खांदे पडलेले. प्रूने ओळखलं. तिने केकची टोपली टाकून तुला मिठी मारली आणि ओरडली, "अरे, हा तर आपला जेथ्रो!" क्रॉकर तुझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, तुझ्या नावाचा कागद अजून माझ्या टेबलात पडलाय! वर बघ, वर बघ, मोजा वर आहे म्हणून बचावलास. काय पितोस?" लोक टाळ्या वाजवत होते. तू हसलास. तुझं हसू अजून अगदी तसंच आहे. ते पाहून मी दंडाधिकारी व्हॉयझीसाहेबांच्या दालनाकडे चालायला लागले.

पाद्रीसाहेबांना मी सनद घेऊन तिथेच बोलावून ठेवलं होतं. काय करायचं आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मिसेस यार्डली, मी ते तुम्हाला गंमत म्हणून सांगितलं होतं हो!"

"इतिहास खरा असला पाहिजे, असं तुम्हीच म्हणता, साहेब."

व्हॉयझीसाहेब शेजारी उभे राहिले आणि पाद्रीसाहेबांनी बाजारघराच्या पायऱ्यांवरून सनद वाचली. आधी लॅटिनमध्ये, मग आपल्या भाषेत. पहिल्यांदा लोकांना वाटलं काही तरी समारंभ आहे, काहींनी टोप्या काढल्या. मग हळूहळू डोक्यात शिरलं. बिल ओरडला, "म्हणजे आम्हाला नाही? आम्ही इथे जन्मलो म्हणून आम्हालाच नाही?" एक बाई रडायला लागली. तिचा नवरा तिथेच उभा होता, तो टोपी खाली ओढून गर्दीतून सटकला. क्रॉकरने पेला खाली ठेवला आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खाली होते. "माफ कर जेथ्रो, साहेब बघताहेत."

तू माझ्याकडे पाहिलंस. "टॅमी, तू?"

"मी."

सगळा बाजार माझ्यावर उलटला. प्रू म्हणाली, "स्वतःच्या भावाला? आणि आम्हा सगळ्यांचा मोजा पण घेतलास?" मला वाटलं होतं त्या क्षणी मला फार आनंद होईल. झालाही, खोटं कशाला बोलू! आठ वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मी सगळ्यांदेखत विचारलं, "बोल. आग कोणी लावली?"

तू लगेच सांगितलंस. मला वाटलं होतं तू आढेवेढे घेशील. "मी लावली. ॲम्ब्रोज घरी होता. त्याला काहीच माहीत नव्हतं."

हेच मला हवं होतं. इथे संपलं असतं तर मी घरी जाऊन शांत झोपले असते. पण जाईल्स टकर पुढे आला. कोर्टात शपथ घेणाऱ्या सातांपैकी तो एक. म्हणाला, "आणि कात्री? कापणारा कात्री देत नाही. ॲम्ब्रोजने आपल्या हाताने दिली असेल, तर तोही तुझ्यात सामील होता. मग त्याचं नाव कसलं धुवायचं?"

गर्दीतून "बरोबर आहे," असे आवाज आले. क्रॉकरने तुला विचारलं, "सांग ना, कात्री तुला कोणी दिली?"

जेथ्रो, तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "ते विचारू नका."

तू सांगून टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. मी तुझ्यावर ओरडले असते. पण तू तोंड मिटलंस आणि मला कळलं की आता मी बोलले नाही तर ॲम्ब्रोज कायमचा गुन्हेगार राहणार. व्हॉयझीसाहेब जायला निघाले होते.

मी पायरी चढले आणि सांगितलं. "कात्री मी दिली. याची कात्री मोडली होती. शेजारगावी एका दिवसाचं काम आहे असं हा म्हणाला. ॲम्ब्रोज परड्यात होता. त्याला विचारलं तर देणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून त्याच्या पेटीतून काढून मीच याच्या हातात ठेवली."

टकरने विचारलं, "मग कोर्टात का बोलली नाहीस?"

काय सांगणार? की मला भावाला वाचवायचं होतं? की मला वाटलं ॲम्ब्रोज निर्दोष आहे, तो सुटेलच. आणि तू दूर गेलास की लिहिशील, मग मला बोलावंच लागणार नाही? मी तुझी वाट बघत होते, जेथ्रो. एकेक टपाल येत होतं, आणि एकेक दिवस माझं बोलणं अवघड होत होतं. जहाजावरून त्याच्या मृत्यूची चिठ्ठी आली त्या दिवसापासून मी तुझा द्वेष करायला लागले. तो करणं सोपं होतं.

मी फक्त म्हटलं, "कारण मी भ्याले."

मोजा तेव्हा वरच होता. बिलने जाऊन दोर सोडला आणि जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी, वेळेआधी, तो खाली आला. पुढच्या वर्षी शिवायला मला कोणी सांगणार नाही. मोजा पुन्हा चढेल की नाही तेही माहीत नाही.

३० जुलै
(टपालात टाकलेलं)

जेथ्रो,

तुझं उत्तर मिळालं. तू लिहितोस की कोर्टात तू म्हणशील, कात्री मी चोरली, टॅमझिनला काही माहीत नव्हतं. बाजारात ती घाबरून काहीबाही बोलली. "तुझ्यासाठी एवढं तरी करू दे," म्हणतोस.

नको. तुझे उपकार मला नकोत, आणि तुला पापातून अर्धंही मोकळं करायचा माझा विचार नाही. खोटं बोलून तू मला वाचवशील आणि मरेपर्यंत स्वतःला चांगला भाऊ समजशील. तेवढं सुख मी तुला देणार नाही.

काल टकर आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "मंडळाने फळ्यावर ॲम्ब्रोजचं नाव पुन्हा कोरायचं ठरवलं आहे." मी आभार मानले. तो जाता जाता थांबला. "कोर्टात त्याला कळलं असेल का गं, कात्री कोणी काढली ते?"

कळलं होतं. ती पेटी घरात आम्हा दोघांशिवाय कोणी उघडत नव्हतं. टकर शपथ घेत होता तेव्हा ॲम्ब्रोजने आरोपीच्या कठड्यातून माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. मी बोलते का, एवढंच बघत होता. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण तो शब्द बोलायचं त्याने माझ्यावर सोडलं. मी माझ्या हातमोज्याची शिवण बघत राहिले.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाच सांगते आहे, कारण तुझ्याइतकं नीच दुसरं कोणी मला माहीत नाही, माझ्याशिवाय.

सोमवारी खटला आहे. शहरात जाणाऱ्या भाड्याच्या गाडीत मला कोणी जागा देणार नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच पायी निघते. कात्री कोणी दिली असं वकील विचारेल. मी सांगेन. का गप्प राहिलीस असंही विचारेल, तेही सांगेन. त्या वेळी तू कठड्यातून माझ्याकडे बघ. मी नजर वळवणार नाही.

टॅमझिन यार्डली,
ॲम्ब्रोज यार्डलीची बायको